मागचं चाक

नेत्राने मोटरसायकल घ्यायचं काढलं तेव्हा तिचा नवरा अनीश म्हणाला, "ही तुझ्यासाठी आहे की बाबांसाठी?" उत्तर दोघांनाही माहीत होतं.

बाबा म्हणजे नेत्राचे वडील, जगन्नाथ. नागपूरला एसटीच्या कार्यशाळेत त्यांनी उभी हयात काढली होती आणि निवृत्त झाले ते तिथले प्रमुख म्हणून. आदल्या हिवाळ्यात नेत्राची आई गेली. घरात एकटे राहिलेल्या बाबांना नेत्राने अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला आणलं. एअरपोर्टवरून येताना ते फ्रीवेवरच्या गाड्यांकडे बघत होते, पण बोलले काहीच नाहीत. पुढेही तसंच चाललं. सकाळी बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे. समोर शेजारच्या बिल्डिंगची पिवळट भिंत होती. नेत्रा आणि अनीश ऑफिसातून परत येत तेव्हा ते तिथेच असायचे, आणि दुपारचं जेवण मायक्रोवेव्हमध्ये जसंच्या तसं.

नेत्राला मोटरसायकल शिकवली होती ती बाबांनीच. ती इंजिनिअरिंगला असताना दर रविवारी तिला हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन जायचे. स्वतः मागे बसायचे आणि एवढंच म्हणायचे, "क्लच हळू सोड. अजून हळू." अमेरिकेत आल्यावर ते सगळं मागे पडलं होतं. आता तिने वीकेंडचा शिकाऊ लोकांसाठीचा कोर्स केला, लायसन्स काढलं आणि क्रेगलिस्टच्या वेबसाइटवर जुन्या गाड्या बघायला लागली. बाबांना ती फोटो दाखवायची. आधी ते नुसती मान हलवायचे. मग एकदा चष्मा लावून स्क्रीनजवळ आले आणि म्हणाले, "ही नको. हिची फ्रेम वाकली आहे." इतक्या दिवसांत त्यांनी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

शेवटी जी गाडी ठरली ती सॅराटोगाच्या वर डोंगरात राहणाऱ्या एका बाईंची होती. जुनी जपानी, अडीचशे सीसीची, बुटक्या सीटची. नवशिक्याने पहिली म्हणून घ्यावी अशीच. अनीशचा ऑफिसातला मित्र गिरीश, त्याच्याकडे पिकअप ट्रक होता. तो घेऊन गिरीश, नेत्रा आणि बाबा गेले. रेडवुडच्या झाडांखाली बाईंचं गॅरेज होतं, दुपारीसुद्धा अंधारं आणि ओलसर. ताडपत्री काढल्यावर टाकीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले. बाई म्हणाल्या, गुडघे गेल्यापासून गाडीला हात लावलेला नाही.

बाबा गाडीजवळ गेले आणि नेत्राने त्यांना बदलताना पाहिलं. आधी त्यांनी इंजिनावर तळहात ठेवला. "थंड आहे," ते नेत्राला मराठीत म्हणाले. "आधीच गरम करून ठेवलेली गाडी कधी घेऊ नये. दोष कळत नाही." एअर फिल्टरचं झाकण उघडलं तर आत उंदरांनी चिंध्यांचं घरटं केलं होतं. ते त्यांनी बोटांनी अलगद बाहेर काढून ठेवलं. बऱ्याच खटपटीनंतर इंजिन सुरू झालं तेव्हा त्यांनी पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. 

"इंजिन चांगलं आहे," बाबा म्हणाले. "बाकी सगळं करावं लागेल. आपण करू."

मोटरसायकल पिकअपमध्ये चढवून बाबांनी स्वतः दोराने आवळून बांधली. डोंगर उतरताना रस्त्याला वळणावर वळणं होती आणि ते सारखे मागे वळून बघत होते. अर्ध्या वाटेवर त्यांनी विचारलं, "हा दोर कोणी बांधला?"

"तुम्हीच बांधला, बाबा."

ते हसले. "मग ठीक आहे."

नेत्राही हसली. गिरीशने आरशातून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

*

अपार्टमेंटच्या कारपोर्टमध्ये, गाड्यांसाठीच्या छपराखाली, अनीशच्या कारच्या शेजारी, जुनी चादर अंथरून काम सुरू झालं. बाबांनी अंड्यांचा रिकामा ट्रे मागून घेतला. जो भाग खोलला त्याचे नटबोल्ट ट्रेच्या एकेका खळग्यात, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ठेवायचे. कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल वाळून डिंकासारखं चिकटलं होतं. वायरमधली तांब्याची एक बारीक तार सोडवून त्यांनी पेट्रोल सोडणाऱ्या जेटची भोकं साफ केली. नेत्रा संध्याकाळी घरी आली की शेजारी बसायची आणि मागतील तो पाना हातात द्यायची.

काम करताना ते बोलायला लागले. "तुझ्या आईला गाडीवर मागे बसायची भीती वाटायची," एकदा म्हणाले. "एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्याने कॅरिअर घट्ट धरलेलं. माझ्यावर विश्वास होता, पण अर्धाच." आई गेल्यानंतर त्यांनी तिचं नाव काढलेलं नेत्राने पहिल्यांदा ऐकलं. त्या रात्री ते पोटभर जेवले आणि ताटावरून उठताना म्हणाले, "उद्या चेन बघू."

एका रविवारी सकाळी गाडी सुरू झाली. थोडा निळा धूर आला, मग आवाज एकसारखा लागला. नेत्रा कॉम्प्लेक्सला फेरी मारून आली. बाबा डोळे मिटून उभे होते, आवाज जवळ येताना ऐकत.

नेत्रा ऑफिसला गाडी घेऊन जायला लागली, मटिल्डा अ‍ॅव्हेन्यूवरून सरळ. एकदा सिग्नलला थांबली तेव्हा डावा आरसा तिच्या डोळ्यांसमोर हळूहळू कलंडला आणि लोंबकळत राहिला. तिने तो हाताने घट्ट केला. जुनी गाडी, असं व्हायचंच.

मग गाडी जास्तच धूर सोडायला लागली. नेत्राने खाली वाकून पाहिलं तर तेल मोजायची काच वरपर्यंत काळी भरलेली होती. रिसायकलिंगच्या डब्यात तेलाचे रिकामे डबे पडले होते, हवे त्यापेक्षा जास्त.

"बाबा, तुम्ही आज तेल टाकलंत का?"

"कमी होतं. टाकलं."

"आणि काल?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. काल काय, हा प्रश्न तिने परक्या भाषेत विचारावा तसं त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग ते म्हणाले, "जुनी गाडी आहे बेटा. तेल खाते."

दुपारी ते झोपल्यावर नेत्राने जास्तीचं तेल काढून टाकलं. अनीशला ती काही बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात एकदा ती गाडी घरीच ठेवून गेली; परत आली तेव्हा बाबांनी ती खोलून पुन्हा जोडून ठेवली होती आणि ट्रेच्या एका खळग्यात दोन स्क्रू होते. "हे कुठले?" तिने विचारलं. बाबांनी स्क्रू उचलून उन्हात धरले, बोटांत फिरवले, मग परत ठेवले.

"जास्तीचे असतील."

हाच माणूस एका वायसरसाठी अख्खा गिअरबॉक्स पुन्हा उघडायला लावायचा. त्यापायी एकदा एक एसटी सुटलीच नव्हती. स्टँडवर लोक ओरडत होते आणि वरून फोन येत होते, पण बाबांनी वायसर सापडेपर्यंत सही केली नव्हती. आई ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगायची. या माणसाच्या तोंडी 'जास्तीचे' हा शब्द नव्हता. नेत्राने स्क्रू कुठले ते शोधून काढले. क्लचच्या बाजूच्या झाकणाचे होते. तिने ते बसवले आणि हात धुऊन वर गेली.

अनीशला सांगावं लागलं नाही. त्याच्या लक्षात आलं होतं. जेवताना बाबांनी त्याला त्याच्या कारच्या ब्रेकच्या आवाजाबद्दल विचारलं, त्याने सांगितलं, आणि आमटी वाढून घेताघेता त्यांनी तेच पुन्हा विचारलं. बाबा खोलीत गेल्यावर अनीश भांडी डिशवॉशरमध्ये लावत म्हणाला, "नेत्रा, काहीतरी चुकतंय. माझ्या आजोबांचं असंच सुरू झालं होतं. आपण डॉक्टरकडे अपॉइंटमेंट घेऊ."

"आईला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही, अनीश. त्यांचं लक्ष थाऱ्यावर नसतं, एवढंच."

"ठीक आहे. मग मोटरसायकल रिपेअर शॉपमध्ये दे."

"आणि ते काय करतील? भिंत बघत बसतील?"

अनीशने डिशवॉशरचं दार लावलं. "त्या गाडीवर तू बसतेस," तो म्हणाला.

*

नेत्राने स्वतःपुरता मार्ग काढला. सकाळी बाबा आंघोळीला गेले की ती जॅकेटच्या खिशात पाना घालून खाली उतरायची आणि एकेक बोल्ट तपासायची. कधी सगळं ठीक असायचं. कधी एखादा नट नुसता बोटांनी फिरवून सोडलेला असायचा. तो ती आवळायची. बाबांना कळायचं नाही. त्यांचं काम चालू राहायचं आणि त्यांना भूक लागायची. हे असं किती दिवस चालणार, हा विचार ती करत नव्हती.

मागच्या टायरला बाजूने चिरा पडल्या होत्या. नेत्रा आणि बाबा चाक काढून शॉपमध्ये घेऊन गेले. तिथल्या माणसाने नवा टायर चढवून दिला. चाक गाडीला परत बसवायचं काम बाबांनी स्वतःकडे ठेवलं. गुरुवारी दिवसभर ते खाली होते. संध्याकाळी वर आले तेव्हा शर्टाला ग्रीस लागलं होतं आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

शुक्रवारी सकाळी नेत्रा पाना घेऊन खाली आली तर बाबा आधीच कारपोर्टमध्ये होते. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मागे बांधून.

"आज बघतो कशी चालवतेस."

पाना तिच्या खिशात होता. तिने गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या आसाचा नट घट्ट दिसत होता, त्यातली पिनही जागेवर होती. चाकाच्या खालच्या अंगाला ब्रेकच्या प्लेटला धरून ठेवणारी एक लोखंडी पट्टी असते. ती बघायला गुडघ्यावर बसून आत वाकावं लागलं असतं. बाबा बघत होते. त्यांच्या कामाची अशी झडती त्यांच्यासमोर घेणं तिच्याने झालं नाही. ती गाडीवर बसली. बाबांनी हात वर केला.

फ्रीमाँट अ‍ॅव्हेन्यूला लागेपर्यंत काही जाणवलं नाही. मग वाटायला लागलं, गाडीचं मागचं टोक आपल्या मनाने चाललं आहे. किंचितच. कोणीतरी मागे बसून अंगाचा तोल बदलत असल्यासारखं. पुढचा सिग्नल पिवळा झाला आणि तिने मागचा ब्रेक दाबला. खालून लोखंड फिरल्याचा आवाज आला, चाक एकदम अडकलं आणि गाडी तिच्याखालून आडवी निघून गेली. नेत्रा रस्त्यावर घसरत गेली. थांबली तेव्हा तिला आधी हेल्मेटच्या काचेवर आपलाच श्वास दिसला. मागून येणारी पिकअप तिच्या पायांजवळ थांबली होती, इतकी की बंपरची ऊब जाणवत होती.

डावं मनगट मोडलं, खांदा आणि मांडी सोलवटून निघाली. इमर्जन्सीतल्या डॉक्टर म्हणाल्या की नशीब चांगलं.

टो-ट्रकने गाडी कारपोर्टमध्ये आणून टाकली. अनीश नेत्राला घेऊन घरी आला तेव्हा बाबा गाडीशेजारी गुडघ्यांवर बसले होते. नेत्राचा हात प्लास्टरमध्ये बघून ते उठले, त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्यांनी गाडीकडे बोट दाखवलं.

"ब्रेकच्या पट्टीला बोल्टच नाही. बोल्टशिवाय पट्टी नुसती अडकवून ठेवली. दाबल्यावर प्लेट फिरणार नाही तर काय होणार? चाक अडकणारच." त्यांचा आवाज चढला होता, कार्यशाळेतला, नेत्राने लहानपणी फाटकाबाहेरून ऐकलेला. "हे कोणी फिट केलं?"

अनीश काही बोलणार होता. नेत्राने चांगल्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"शॉपमध्ये, बाबा," ती म्हणाली. "टायर लावला तेव्हा."

"कामावर ठेवायच्या लायकीचा नाही तो माणूस," बाबा म्हणाले. "जीव घेतला असता."

*

शनिवार-रविवार ते अस्वस्थ होते. सारखे खाली जायचे, परत यायचे. नेत्रा वेदनेच्या गोळ्या घेऊन पडून होती, अनीश तिच्याजवळ. बाबा खाली काय करतात हे बघायला कोणी गेलं नाही. गाडी तर मोडलेलीच होती, आता आणखी काय बिघडणार, असं दोघांना वाटलं.

रविवारी अनीशने कपडे धुवायला टाकले. ड्रायर फिरायला लागला तसा आतून खणखण आवाज यायला लागला, थांबून थांबून. त्याने दार उघडलं आणि बाबांच्या ग्रीस लागलेल्या शर्टाच्या खिशातून एक बोल्ट काढला. त्याला बारीक पिनही बांधलेली होती. कामाच्या माणसाने हरवू नये म्हणून खिशात जपून ठेवावा तसा. तो बोल्ट अनीशने नेत्राच्या उशाशी ठेवला. अजून गरम होता.

"मी सांगेन त्यांना," नेत्रा म्हणाली. "उद्या. मीच सांगेन."

सोमवारी अनीश ऑफिसला निघाला. त्याचं ऑफिस फ्रीमाँट गावात, खाडीच्या पलीकडे, आणि त्या दिवशी कारपूलमध्ये गाडी काढायची पाळी त्याची होती. वाटेत गिरीशला घेऊन तो पुढे जायचा. तो गेल्यावर थोड्या वेळाने बाबा बूट घालून हॉलमध्ये आले.

"चल, तू फक्त रस्ता दाखव. त्या शॉपवाल्याशी मला बोलायचं आहे. असा माणूस उद्या दुसऱ्या कोणाचा जीव घेईल."

"बाबा, बसा."

ते बसले नाहीत. नेत्राने बोल्ट त्यांच्या तळहातावर ठेवला.

"हा तुमच्या शर्टाच्या खिशात होता. शॉपवाल्याने फक्त टायर चढवला. चाक तुम्ही बसवलंत, गुरुवारी."

बाबांनी बोल्टकडे पाहिलं. अंगठ्याने आटे चाचपले. ते रागावतील, नाही म्हणतील, याची नेत्राने तयारी केली होती. पण ते बोलले तेव्हा आवाज अगदी हलका होता.

"मला चाक बसवल्याचं आठवत नाही."

"असू दे, बाबा. आपण डॉक्टरकडे जाऊ. दोघं मिळून..."

"थांब." त्यांनी हात वर केला. चेहऱ्यावर आता काही वेगळंच होतं. कार्यशाळेत एखादी गाडी निघून गेल्यावर तिच्या कागदावर सही नाही असं लक्षात आलेल्या माणसासारखं. "घरात मी आणखी कशाकशाला हात लावला?"

"कशालाच नाही."

"अनीशच्या गाडीचे ब्रेक वाजत होते." ते शब्द शोधत होते. "शॉपवाल्यांवर भरवसा नाही, म्हणून मी म्हटलं आपणच एकदा बघावं. मी जॅक लावला होता. चाक काढलं होतं. पुढचं. डावं." ते थांबले. "काढल्याचं आठवतं. लावल्याचं आठवत नाही. नेत्रा, अनीश कुठे आहे?"

नेत्राने फोन उचलला. अनीशचा फोन वाजत राहिला. तो गाडी चालवताना फोन बॅगेत, मागच्या सीटवर टाकतो हे तिला माहीत होतं. तरी तिने पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. आतापर्यंत तो फ्रीवेवर पोचला असणार, सकाळच्या गर्दीत, ट्रकांच्या मधल्या लेनमध्ये. एका हाताने बटणं दाबताना तिच्या हातून फोन खाली पडला. बाबांनी तो उचलून तिच्यासमोर दोन्ही हातांनी धरला. तिला गिरीश आठवला.

गिरीशने लगेच उचलला. "बोल नेत्रा, कसा आहे हात?"

"गिरीश, अनीशला सांग गाडी बाजूला घ्यायला. आत्ता. शोल्डरवर, कडेला. हळू."

"का, काय झालं?"

"पुढचं डावं चाक सुटं आहे. सांग त्याला."

गिरीश काहीतरी बोलला, फोन दूर गेला. तिला अनीशचा आवाज ऐकू आला, "म्हणूनच स्टिअरिंग थरथरतंय यार, मला वाटलं रस्ता खराब आहे." इंडिकेटरची टिकटिक येत राहिली. शेजारून एक मोठा ट्रक गेल्याचा आवाज आला, मग आणखी एक. बाबा नेत्राच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

टिकटिक थांबली. गाडीचं दार उघडलं. बऱ्याच वेळाने अनीश स्वतः फोनवर आला.

"सगळे नट हाताने फिरतायत," तो म्हणाला. "दोन तर नाहीतच." त्याला श्वास लागला होता. "नेत्रा, तुला कसं कळलं?"

"बाबांना आठवलं."

तो म्हणाला, "त्यांना सांग, मी ठीक आहे."

नेत्राने सांगितलं. बाबांनी मान हलवली आणि होते तिथेच, कार्पेटवर, हळूहळू खाली बसले. बोल्ट अजून त्यांच्या मुठीत होता. नेत्रा त्यांच्याशेजारी बसली आणि मूठ सोडवायचा प्रयत्न करायला लागली. ती सुटेना.

*

डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या, मेंदूचे फोटो काढले, बाबांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं. आजाराला नाव मिळालं. ही सुरुवात आहे, असंही डॉक्टर म्हणाले. बाबांनी समोर बसून सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, इंग्रजीत, सावकाश: यातलं काय आधी जातं? डॉक्टरांनी सांगितलं की प्रत्येकाचं वेगळं असतं.

मोटरसायकल सॅन होजेच्या एका माणसाने नेली. नेत्राने त्याच्यापासून काही लपवलं नाही. सगळी गाडी पुन्हा उघडून, प्रत्येक बोल्ट तपासून घे, त्याशिवाय चालवू नको, असं त्याला बजावून सांगितलं. तो ती ट्रेलरवर चढवत होता तेव्हा बाबा बाल्कनीत होते. आवाज ऐकूनही ते खाली आले नाहीत. हत्यारं त्यांनी स्वतःच एका खोक्यात भरून अनीशला दिली आणि कुठे ठेवलीस ते मला सांगू नकोस, असं म्हणाले.

एकट्याने नागपूरला परत जायचा प्रश्न उरला नाही. त्यांची इथे राहायची मुदत वाढवून घेतली. नेत्राने ऑफिसातून लवकर निघायची परवानगी काढली. दुपारी गिरीशची बायको सुलेखा येऊन बसायची. ती बाबांना काका म्हणायची, त्यांच्याशी पत्ते खेळायची. तरी मधले काही तास ते एकटे असत. त्यांच्या विसरण्याची नेत्राला आता तेवढी भीती वाटत नव्हती. तिला भीती वाटायची ती त्यांच्या सावधपणाची. ते कशालाच हात लावेनासे झाले. गॅस तर सोडाच, ते दाराची कडी लावायचे नाहीत, की फ्रीज उघडायचे नाहीत. एखादं भांडं उचलायचं असलं तरी आधी विचारायचे.

नोव्हेंबरात लवकर अंधारायला लागलं होतं. एका संध्याकाळी नेत्रा घरी आली तर सगळं घर काळोखात होतं. बाबा सोफ्यावर ताठ बसले होते, हात मांड्यांवर. त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

"पाणी नाही प्यायलात?"

"नळ उघडा राहिला असता तर?" ते म्हणाले.

तिने अंधारातच स्वयंपाकघरात जाऊन पेला भरून आणला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून एका दमात संपवला. नेत्रा त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, दिवा लावता?"

ते उठले. भिंतीशी जाऊन त्यांनी बटणावर बोट ठेवलं आणि मागे वळून तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्यांनी बटण दाबलं. खोली उजेडाने भरली. सोफा, टीव्ही, खिडकीत दिसणारी त्या दोघांची प्रतिबिंबं, सगळं लख्ख. बाबा पेटलेल्या दिव्याकडे बघत, बटणावर बोट ठेवून तसेच उभे होते.

"लागला का?" त्यांनी विचारलं.